ताटाची डावी बाजू

रक्त नीट फिरावं म्हणून काय खावं, असं तू फोनवर विचारलंस. तेवढ्यावर भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते. जावयांच्या ऑफिसच्या तपासणीत प्रेशर १४८ वर ९६ निघालं, कोलेस्टेरॉलही वाढलेलं. तुझं हिमोग्लोबिन ९.८, आणि तुझे सासरे रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात. आता घरात तिघांसाठी तीन स्वयंपाक करावे लागणार, अशी धास्ती तू घेतली आहेस. तसं काही लागत नाही. स्वयंपाक एकच राहू दे. ताट कसं वाढायचं तेवढं बदल.

आपल्या ताटाची मांडणी तू लहानपणापासून बघत आली आहेस. वर मधोमध मीठ. डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं, पापड. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्ये पोळी-भाकरी, वरण-भात. सगळ्यांचं लक्ष उजवीकडे असतं, कारण स्वयंपाकाची खटपट तिकडे झालेली असते. पण प्रेशर आणि रक्त यांचा बराचसा निकाल डावीकडे लागतो, कारण सगळ्यात उपकारक जिन्नस आणि सगळ्यात खारट जिन्नस तिथेच शेजारी शेजारी बसलेले असतात. माझ्या सासूबाई पंगतीत वाढताना मला सांगायच्या, डावीकडचं कच्चं ते वाटीभर वाढ आणि मुरलेलं-वाळवलेलं ते बोटभर. त्यांना प्रेशर मोजायचं यंत्र ठाऊक नव्हतं. मी पुढे शाळेत विज्ञान शिकवलं, आणि जितकं वाचत गेले तितकी त्या सांगण्याची किंमत मला कळत गेली. तोच कानमंत्र तुला देते आहे.

आधी मिठाचं बघू, कारण तिथे सगळ्यात लवकर फरक पडतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. आपण नुसते बसून असलो तरी हृदय ते मिनिटाभरात एकदा फिरवून आणतं, दिवसाला लाखभर ठोके देऊन. मीठ जास्त झालं की त्यातल्या सोडियमबरोबर मूत्रपिंडं पाणीही अंगात राखून ठेवतात. वाहिन्या तेवढ्याच आणि आत भरलेलं जास्त, म्हणून भिंतींवरचा दाब चढतो. जागतिक आरोग्य संघटनेचं माप माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आहे, म्हणजे सपाट भरलेला एक चहाचा चमचा. त्यात लोणचं, पापड, पाव, फरसाण, बिस्किटं सगळं आलं.

आता तुझ्या घरचा हिशेब कर. तुम्ही चौघं. पाच ग्रॅमने दिवसाचे वीस ग्रॅम झाले. म्हणजे एक किलोचा मिठाचा पुडा पन्नास दिवस पुरायला हवा, तोही बाहेरचं खारट काही पोटात जात नसेल तर. पुडा महिन्याभरात संपतो असं तू बोलता बोलता म्हणालीस, तेव्हाच मी मनात गणित केलं. नवा पुडा फोडशील तेव्हा त्यावर तारीख घालून ठेव. रोज चमचे मोजत बसण्यापेक्षा हे सोपं आहे आणि यात फसवणूक होत नाही.

मीठ एकदम तोडू नकोस. एकदम अळणी वाढलंस तर ताटात वरून मीठ घेतलं जाईल आणि तुझ्या सासूबाईंना वाटेल की आपल्या हाताची चव सुनेला आवडत नाही. त्यांना आधी विश्वासात घे, मग आमटीतलं, भाजीतलं मीठ चिमटीचिमटीने उतरव. जिभेला कमी मिठाची सवय लागायला थोडे आठवडे जातात. ती लागली की जुनी चव खारट वाटते. कणकेत मीठ घालायचं बंद केलंस तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. भाताचंही तेच. आंबट घातलं की मीठ कमी लागतं, म्हणून आमसूल, चिंच, लिंबू, कैरी यांचा हात सढळ ठेव.

लोणच्याच्या बरणीत मोठी पळी असते, ती काढून ठेव आणि चहाचा चमचा घाल. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो आणि त्यातही सोडियमच असतं, खायच्या सोड्यात असतं तसं. तळलेल्या पापडाऐवजी भाजलेला घेतला तर तेल वाचतं, मीठ वाचत नाही. हे पुष्कळ जणींच्या ध्यानात येत नाही. सैंधव खाल्लं तर प्रेशर वाढत नाही असं तुला कोणीतरी सांगेल. सैंधवही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहे, वर त्यात आयोडीन मिसळलेलं नसतं. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ बाजारात मिळतं त्यात पोटॅशियम घातलेलं असतं. ते जावयांना चालेलही, पण मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांना आणि प्रेशरच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचं ठरू शकतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरात आणू नकोस.

पोटॅशियम अन्नातून मिळालेलं बरं. ते मूत्रपिंडांकडून सोडियम बाहेर काढवतं आणि वाहिन्यांच्या भिंती सैल ठेवतं. केळं, शहाळं, रताळं, टोमॅटो, मूग-मटकी-चवळीच्या उसळी, सगळ्या पालेभाज्या, हे त्याचे आपल्याकडचे जिन्नस. अमेरिकेत १९९७ साली एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांचं मीठ तेवढंच ठेवून त्यांना भाज्या, फळं आणि कमी स्निग्धांशाचं दूध-दही भरपूर दिलं. दोन आठवड्यांत प्रेशर उतरायला लागलं, आणि ज्यांचं आधीपासून जास्त होतं त्यांचं वरचं माप सरासरी ११ ने खाली आलं. एखाद्या गोळीने उतरावं तेवढं. आमची कोशिंबीर, उसळ आणि ताक यांहून त्या लोकांना वेगळं काय दिलं होतं?

आता डावीकडचं कच्चं. कोशिंबीर म्हणजे चमचाभर शोभेला वाढायची गोष्ट नव्हे, ती माणशी वाटीभर हवी. काकडी, गाजर, मुळा, बीट, कोबी, टोमॅटो, ज्या दिवशी जे असेल ते. यात बीट आणि मुळा यांचं काम थोडं वेगळं आहे, ते सांगते, कारण ते मला फार सुंदर वाटतं.

बीट, मुळा, मुळ्याचा पाला, पालक, शेपू यांत नायट्रेट नावाचा क्षार भरपूर असतो. तो पोटातून रक्तात जातो, लाळेच्या ग्रंथी तो रक्तातून वेचून घेतात आणि पुन्हा तोंडात सोडतात. तिथे जिभेच्या मागच्या भागावर राहणारे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. आपण ते गिळतो, आणि पुढे शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. हा वायू वाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूला सैल सोडतो, वाहिनी रुंदावते, रक्ताला वाट मिळते. वाहिन्यांचं आतलं अस्तर स्वतःही हा वायू बनवत असतं. हे काम उलगडल्याबद्दल १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद या तिघांना मिळालं. छातीत कळ आली की जिभेखाली नायट्रोग्लिसरिन देतात, तेही हाच वायू सोडून काम करतं. ज्या आल्फ्रेड नोबेलने नायट्रोग्लिसरिनपासून सुरुंगाची दारू केली, त्याच्याच हृदयविकारावर म्हातारपणी डॉक्टरांनी तेच औषध लिहून दिलं होतं.

यातून तुझ्या स्वयंपाकाला उपयोगी असं इतकंच घे. हा क्षार पाण्यात विरघळतो, म्हणून बीट चिरून भरपूर पाण्यात उकडून पाणी ओतून दिलंस तर निम्मी कमाई मोरीत गेली. बीट कच्चं किसून दह्यात कालव, दाण्याचं कूट घाल, वर जिऱ्याची फोडणी हवी तर दे. उकडायचंच तर सालासकट अख्खं उकड. पालेभाजीचं पाणी पिळून टाकू नकोस, आमटीत घाल. मुळ्याचा पाला भाजीवाल्याला काढून देऊ नकोस, मुळ्यापेक्षा तो मोलाचा आहे; मुगाची डाळ पेरून त्याची परतून भाजी कर. आणि ते जंतुनाशक माउथवॉश रोज वापरायचं जावयांनी बंद करावं, डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर. त्याने जिभेवरचे ते कामाचे जिवाणूच धुऊन निघतात आणि बिटाचा गुण तिथेच थांबतो. बिटाच्या रसाने प्रेशर तीन-चार अंकांनी उतरतं असं प्रयोगांत दिसलं आहे. फार नाही, पण आहे. बीट खाल्ल्यावर काहींना लघवीला लालसर होतं, घाबरू नका. ज्यांना मूतखडा होतो त्यांनी बीट आणि पालक बेतानेच खावं.

सासऱ्यांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट अगदी मनावर घे. रक्त पातळ ठेवायच्या काही गोळ्या के जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करतात, आणि हिरव्या पालेभाज्यांत हेच जीवनसत्त्व भरपूर असतं. त्यांना ज्या गोळीसाठी अधूनमधून रक्त तपासून डोस ठरवावा लागतो ती बहुधा त्यातलीच असणार. म्हणून त्यांच्या ताटात पालेभाजी एकाएकी दुप्पट करू नकोस आणि एकाएकी बंदही करू नकोस. रोज सारख्या मापाने वाढ. खाण्यातल्या या बदलाबद्दल त्यांच्या डॉक्टरांना आधी सांग, म्हणजे ते डोस त्याप्रमाणे बसवतील.

तुझ्या रक्ताचं आता. देशाच्या २०१९ ते २१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांमागे ५७ जणींना रक्तक्षय निघाला. म्हणजे तुझं काही जगावेगळं नाही, पण सगळ्यांना आहे म्हणून चालवून घ्यायचंही नाही. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. रक्त प्राणवायू कमी वाहून नेऊ लागलं की हृदयाला तेच काम जास्त फेऱ्यांत करावं लागतं. दोन जिने चढल्यावर तुझी छाती धडधडते ती त्यामुळे. ९.८ वरून नुसत्या खाण्याने वर यायला फार काळ लागेल; डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घे आणि रक्त का उतरलं त्याचाही शोध घ्यायला सांग. पाळीत जास्त जात असेल तर ते लाजून लपवू नकोस.

खाण्यात सगळ्यात मोठी सुधारणा काय, तर जेवणावरचा चहा सोडायचा. चहातलं टॅनिन लोहाला पकडून ठेवतं, पोटातून ते रक्तात फारसं जात नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचं तरी अंतर ठेव, आणि गोळी कधीही चहा-दुधाबरोबर घेऊ नकोस. उलट लिंबातलं, आवळ्यातलं, पेरूतलं क जीवनसत्त्व भाजी-कडधान्यातलं लोह शोषायला मदत करतं. डावीकडे ती लिंबाची फोड असते ती याच कामाची. ती आमटीवर, उसळीवर, पोह्यांवर पिळायची, आणि गॅस बंद केल्यावर, कारण उकळीत क जीवनसत्त्व टिकत नाही. बाजरीत, कडधान्यांत लोह आहे पण ते अडकवून ठेवणारं फायटेटही आहे. मोड आणले, पीठ आंबवलं की ते कमी होतं. मटकी नुसती भिजवून न शिजवता तिला मोड आणून शिजवायची आपली रीत त्यामुळे इतकी शहाणपणाची आहे. पालेभाजी, टोमॅटोचं सार, चिंच घातलेलं फदफदं लोखंडी कढईत कर, आंबट पदार्थात लोखंड थोडं उतरतं. झालं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढ. कढईत राहिलं तर काळं पडतं आणि चवीला उतरतं. कढई घासून पुसून कोरडी कर, तेलाचं बोट फिरवून ठेव.

अळिवाचे लाडू मी तुझ्या आईला तुझ्या वेळी दिले होते. बाळंतिणीचे म्हणून ते नंतर घरात कुणी करत नाही, ही चूक आहे. कृती नीट ऐक. अळीव निवडून घे, त्यात बारीक खडे असतात. वाटीभर अळिवाला दोन नारळांचं खोबरं लागतं. नारळ फोडताना पाणी जमव आणि त्या पाण्यातच अळीव भिजव. दोन तासांत ते फुगून चिकट, बुळबुळीत होतील आणि भांडं भरेल. कमी पडलं तर साधं पाणी शिंपड. मग ओलं खोबरं आणि खोबऱ्याच्या निम्म्याला जरा जास्त चिरलेला गूळ त्यात हाताने कालव आणि अर्धा तास तसंच ठेव, म्हणजे गूळ आपोआप पाझरतो. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सतत हलवत शिजव. आधी पातळ होईल, मग बुडबुडे जड होतील, शेवटी सगळं मिश्रण कडा सोडून मध्ये गोळा होऊ लागेल. तिथेच उतरव; पुढे गेलं तर लाडू दगड होतात. जायफळ किसून घाल, कोमट असताना वळ. ओल्या खोबऱ्याचे असल्याने फ्रीजमध्ये ठेव आणि आठवड्यात संपव. सकाळी एक तुला. जावयांना आणि सासऱ्यांना रोज नको, गूळ-खोबरं दोन्ही आहे त्यात. आणि दिवस राहिले असतील किंवा राहायची शक्यता असेल तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज अळीव खाऊ नकोस.

तेल. माणशी महिन्याला अर्धा लिटर, चौघांना दोन लिटर, फोडणीपासून तळणीपर्यंत सगळं धरून. मिठासारखीच कॅनवर तारीख घाल. शेंगदाण्याचं, करडईचं, तिळाचं आलटून पालटून आण. एकाच तेलाला चिकटून राहायची गरज नाही. तूप वरण-भातावर छोटा चमचा घ्यावा, पोळीला थापू नये. वनस्पती तूप घरात आणू नकोस. त्यातल्या ट्रान्स फॅटने वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं उतरतं, दुहेरी तोटा. सरकारने २०२२ पासून तेला-तुपातली त्याची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली, पण गाडीवरच्या कढईत दिवसभर उकळत राहिलेल्या तेलाला कोण जाऊन तपासणार? दिवाळीच्या तळणीचं उरलेलं तेल गाळून दोन दिवसांत फोडणीला संपव, पुन्हा तळायला घेऊ नकोस.

आम्ही किनाऱ्यावरची माणसं बांगडा आणि तारली खाऊन वाढलो. या स्वस्त, तेलकट माशांतलं ओमेगा-३ मेद रक्तातली चरबी उतरवतं, रक्ताच्या गुठळ्या सहज होऊ देत नाही. सुरमई-पापलेटच्या भावाकडे बघून बांगड्याला कमी लेखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. तिरफळ घालून केलेलं बांगड्याचं सार आठवड्यातून दोनदा पोटात गेलं की पुरे, तळणीची हौस नको. पावसाळ्यात जून-जुलैला मासेमारी बंद असते तेव्हा आम्ही खाऱ्या बांगड्यावर दिवस काढतो, पण प्रेशरवाल्याला तो नकोच, त्यात मीठच मीठ.

तुझ्या सासरी मासे चालत नाहीत. तिथे जवस घे. विदर्भ-मराठवाड्यात जवसाची चटणी घरोघर असते, तुमच्या पुण्यातही जवस सहज मिळतो. कोरडाच मंद आचेवर भाज, तडतडायला लागला की उतरव. गार झाल्यावर सुक्या मिरच्या, जिरं, लसूण आणि अगदी थोडं मीठ घालून जाडसर कुटून घे. अख्खा जवस पचत नाही, आला तसा जातो, म्हणून कुटायलाच हवा. एकदम बरणीभर करू नकोस, त्यातलं तेल लवकर खवट होतं, आठवड्यापुरती कर. जवसातल्या मेदाचं माशातल्यासारखं मेद शरीरात थोडंच बनतं, तेव्हा जवस म्हणजे बांगडा नव्हे. पण चटणीच्या जागी रोज दोन चमचे जवस आणि लोणच्याला रजा, एवढी अदलाबदल केलीस तरी ताटाची डावी बाजू पुष्कळ सुधारली.

कोलेस्टेरॉलसाठी विरघळणारा चोथा लागतो. तो आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो, मग यकृताला नवं पित्त बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं. जव, कुळीथ, मेथ्या, चवळी, राजमा, भेंडी, पेरू, हे त्याचे जिन्नस. आठवड्यातून दोन रात्री पोळीऐवजी भाकरी आणि कुळथाचं पिठलं कर. मैदा, साखर आणि दारू यांनी ट्रायग्लिसराइड वाढतात; याबद्दल जावयांशी तूच बोल.

उपासाचंही सांगायला हवं. एकादशी दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही. साबुदाण्याची तुपात परतलेली खिचडी, वर बटाट्याचा चिवडा, याने हृदयाला कसला विसावा? वरीचे तांदूळ, राजगिरा, उकडलेलं रताळं, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर आणि ताक असा उपास कर. ऋषिपंचमीची भाजी आठव: अळू, माठ, अंबाडी, दोडका, भोपळा, सुरण, सगळं एकत्र, तेल-मसाला जवळजवळ नाही. ती वर्षातून एकदाच करावी असं कुठे लिहिलेलं नाही.

तुझ्या सासूबाईंच्या तळपायाला मुंग्या येतात आणि त्या म्हणतात की रक्त फिरत नाही. असं म्हणणारी माणसं मला फार भेटली. पण मुंग्या येणं, तळवे बधिर होणं हे बहुतेक वेळा रक्ताचं नसतं, नसांचं असतं. आणि त्यामागे पुष्कळदा मधुमेह किंवा बी-१२ ची कमतरता असते. बी-१२ नैसर्गिकरीत्या वनस्पतींतून मिळत नाही, दूध-दही, अंडी, मासे-मटणातूनच मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात आणि आसपासच्या खेड्यांत तपासण्या केल्या, तेव्हा मोठ्या प्रमाणावर बी-१२ कमी आणि होमोसिस्टीन जास्त निघालं. हे होमोसिस्टीन वाढलेलं असणं हृदयविकाराच्या आणि पक्षाघाताच्या जास्त धोक्याशी जोडलं गेलं आहे. तेव्हा त्यांना तेल चोळत बसवू नकोस, साखर आणि बी-१२ तपासून घे. कमी निघालं तर गोळ्या किंवा इंजेक्शनं घ्यावीच लागतील. ताक-दही चालू ठेवावं, पण उतरलेलं बी-१२ नुसत्या ताकाने भरून निघत नाही.

आलं, लसूण, लिंबू, मध आणि व्हिनेगर एकत्र उकळून प्यालं की हृदयाच्या नळीतला अडथळा विरघळतो, असा मजकूर तुझ्या मोबाइलवर नक्की आला असेल. तो पाळून माणसं ठरलेली तपासणी पुढे ढकलतात, याचं मला फार वाईट वाटतं. धमनीच्या भिंतीत वर्षानुवर्षं साचलेला थर कुठल्याही काढ्याने विरघळत नाही. लसणाचा थोडा गुण आहे: प्रेशर किंचित उतरतं, रक्त गोठण्याची क्रिया किंचित मंदावते. तो मिळवायचा तर लसूण ठेचून दहा मिनिटं तसाच राहू दे आणि मग फोडणीत टाक. ठेचल्यावरच त्यातलं कामाचं द्रव्य तयार होतं, आणि लगेच तापवलं तर ते तयार होण्याआधीच थांबतं. पण सासऱ्यांना रोज उपाशीपोटी कच्च्या लसणाच्या पाकळ्या देऊ नका. त्यांच्या गोळीत लसणाची भर पडली तर रक्तस्राव होऊ शकतो. ऑपरेशन ठरलं असेल तर लसणाच्या कॅप्सूल घेत असल्याचं डॉक्टरांना सांगायलाच हवं. आणि रक्त शुद्ध करणारी म्हणून जी चूर्णं विकली जातात त्यांवर पैसे घालवू नकोस. रक्त गाळायचं काम मूत्रपिंडं आणि यकृत करतात, त्यांना पाणी पुरेसं दे आणि न समजणारी चूर्णं देऊ नकोस, हेच त्यांना मोठं साहाय्य. म्हाताऱ्या माणसांना तहान कळत नाही, म्हणून सासऱ्यांपुढे तांब्या-भांडं भरून ठेव. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी डॉक्टरांनी त्यांना पाण्याचं माप ठरवून दिलं असेल तर तेवढंच.

तंबाखू हे खाणं नव्हे, पण तोंडातच जाते म्हणून लिहिते. माझ्या लहानपणी आजूबाजूच्या बायका मिशरी लावायच्या आणि तिला कुणी तंबाखू म्हणायचंच नाही. निकोटीन कुठल्याही वाटेने गेलं तरी वाहिन्या आवळतं. पायाच्या बोटांच्या वाहिन्या बंद पडून बोटं काळी पडलेली तंबाखूवाली माणसं मी पाहिली आहेत. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मिशरी लावत असतील तर त्यांच्याशी मायेने बोल.

जेवल्यावर लगेच आडवं होऊ नये, शतपावली घालावी. पायांतलं रक्त वर चढवायचं काम पोटरीचे स्नायू हातपंपासारखं करतात. प्रत्येक पावलाला ते दाबले जातात आणि रक्त वर सरकतं. जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांच्या चालण्याने रक्तातली साखरही आटोक्यात राहते. जावई दिवसभर खुर्चीत असतात, त्यांना तासातासाने उठायला लाव.

प्रेशर घरी मोजताना आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला. चहा किंवा जिना यानंतर लगेच मोजू नये. आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखव. ताट सुधारल्यावर आकडे खाली आले तर आनंदच आहे, पण गोळी बंद करायची की कमी करायची ते डॉक्टर ठरवतील. कोलेस्टेरॉल तीन महिन्यांनी, तुझं हिमोग्लोबिन महिन्याभराने पुन्हा तपासा.

काही गोष्टींत खाण्यापिण्याचा विचारच करायचा नाही, त्या सासूबाईंनाही समजावून ठेव. चालताना पोटरीत गोळा येतो आणि थांबलं की जातो, असं होत असेल तर पायाच्या धमन्या तपासून घ्यायच्या. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला तर चोळायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टरकडे. छातीवर दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात पडणं, यातलं काहीही दिसलं तर ॲसिडिटी असेल म्हणून लिंबूपाणी करत बसू नका. १०८ ला फोन करा, किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवा, आणि सासऱ्यांच्या गोळ्यांची चिठ्ठी फ्रीजच्या दारावर लावलेली असू दे, म्हणजे येणाऱ्या डॉक्टरांना ती शोधावी लागणार नाही.